'बुध्द' कुणी लिहिला?



मागच्या रविवारी वस्तीत जयंतीची मीटिंग झाली. विहाराच्या ओट्यावर वीसेक पोरं. वर्गणी किती, डीजे कुणाचा, मिरवणूक कोणत्या रस्त्याने, हे सगळं झालं आणि शेवटी बोर्डाचा विषय निघाला. कमानीजवळच्या भिंतीवर आमच्या थोरल्या चुलत्याच्या हातचं लिहिलेलं आहे, त्याचा रंग उडालाय. ते पुन्हा रंगवायचं की काय करायचं? अध्यक्ष म्हणाला, "रंगवायचं कशाला? फ्लेक्स टाकू तिच्यावर. वीस बाय दहा. सकाळी सांगितला की संध्याकाळी हातात." दुसरा म्हणाला, "पेंटरच्या नादी लागलं की दोन दिस गेले." तिसऱ्याने तिथंच मोबाईल काढून भाव विचारला.

मी तिथंच बसलो होतो. वस्तीत पेंटर म्हणून एकच माणूस आहे आणि तो मी. कुणाला लाज वाटली नाही. लाज वाटावी असं काही आपण बोललो, हेच कुणाला कळलं नाही.

मी उठून आलो. तिथं बोललो असतो तर भांडण झालं असतं. इथं लिहितो म्हणजे भांडण नीट होईल.

आधी माझी जात सांगतो, म्हणजे धंद्यातली. मी जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये आहे. बारा तासांची पाळी. भट्टीतून बिलेट लाल होऊन निघतं, रोलांमधून दाबलं जात जात सळई होते, आणि तिच्या बाजूला आम्ही चिमटे घेऊन उभे. माझ्या पाळीत निम्मे बिहार-युपीचे, निम्मे आपले. 'जालना सोने का पालना' म्हणतात. पाळणा हलवणारे हात कुणाचे ते म्हणत नाहीत. तर माझी चूल मिलवर पेटते. ब्रश हा सुट्टीच्या दिवसाचा धंदा. म्हणून कुणी म्हणू नये की पोटावर पाय पडला म्हणून हा बोंबलतोय. आणि समजा पोटावर पाय पडला म्हणूनच बोंबललो, तर? पोटासाठी बोंबलणं ही चळवळीत कधीपासून हलकी गोष्ट झाली?

भाव सांगतो. पत्र्यावर ऑइल पेंटने लिहायचे मी चौरस फुटाला चाळीस रुपये घेतो, रंग माझा. फ्लेक्सवाला पंधरात देतो, फोटोसकट. आता फ्लेक्सही मागे पडायला लागलाय. पूर्वी रेडियम कापून घ्यायला तालुक्याला जावं लागायचं. आता किराणावाला मोबाईलवरून चिकटवायची अक्षरं मागवतो, घरपोच येतात, पोराला स्टुलावर चढवतो आणि काचेवर 'कि रा णा' लावून मोकळा. का वर, ना खाली, मधे हवेचे फुगे. मी म्हणालो, शेठ, वाकडं लागलंय. तो म्हणाला, "चालतंय की. गिऱ्हाईक वाचायला येतं का साखर न्यायला?" बरोबर आहे त्याचं. त्याच्याशी माझं भांडणच नाही. त्याने स्वस्तात काम केलं, आपल्या हाताने केलं, त्याचं दुकान, त्याची काच. २०२२ मध्ये कायदा बदलला आणि लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नको म्हणाले. तेव्हा वाटलं होतं पेंटरांना बरे दिवस येतील. बरे दिवस रेडियमच्या गुंडाळीला आले. पण रेडियमवाल्यानेही फार हसू नये. त्याचं खरं पोट नंबर प्लेटवर होतं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सरकारी मान्यतेची प्लेट कंपनीतूनच यायला लागली, मग जुन्या गाड्यांनाही तीच सक्ती झाली. ज्याने माझा घास घेतला त्याचा घास दुसऱ्याने घेतला. असंच चालायचं, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

भिंतीची गोष्ट सांगायची राहिली.

गावाला निरोप ओरडून सांगायचं काम आमचं होतं, लिहायचं काम कुलकर्ण्याचं. दवंडी आमच्या वाट्याला, दप्तर त्याच्या. कुणी मेलं, पाटील आला, सारा भरा, गळा फाडून सांगत फिरायचं. अक्षर आम्हाला वारशात मिळालं नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पैसे देऊनसुद्धा! म्हणजे चार ओळींची जागा विकत मिळत नव्हती. हे ज्याला माहीत आहे त्याने पाटीला 'नुसती पाटी' म्हणू नये.

आमचा आप्पा, थोरला चुलता, सातवी शिकलेला. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. पेटला म्हणजे आपली घरं पेटली. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचा. त्याने गेरू कालवला, त्यात डिंक टाकला, शिंदीच्या काडीचं टोक ठेचून कुंचला केला, आणि रात्री चावडीच्या मागच्या भिंतीवर लिहिलं, नामांतर झालेच पाहिजे. त्याच्या आयुष्यातली ती पहिली पाटी. सकाळी गावातल्या लोकांनी त्यालाच बोलावलं, शेणाची पाटी हातात दिली आणि सारवायला लावलं. त्याने सारवलं. आजी सांगायची, घरी येऊन जेवला नाही. दोन रात्रींनी पुन्हा लिहिलं. या वेळी डांबराने. डांबर शेणाने जात नाही.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आप्पा जालन्याला जाऊन निळ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन आला आणि वस्तीच्या कमानीजवळच्या भिंतीवर त्याने पूर्ण नाव लिहिलं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. गावाचा विद्यापीठाशी काय संबंध? वस्तीतून तोवर कुणी विद्यापीठात गेलेलंसुद्धा नव्हतं. पण सोळा वर्षं ज्या नावासाठी माणसं मेली, घरं गेली, ते नाव एकदा तरी आपल्या भिंतीवर आपल्या हाताने लिहायचं होतं. अक्षरं काही फार देखणी नाहीत. 'मराठवाडा'तला ठ पोट फुगलेला आहे, 'विद्यापीठ' शेवटी दाटीवाटीने बसलंय, कारण जागा संपत आली होती. दोनदा मी ती अक्षरं गिरवून ताजी केली, ठ तसाच ठेवला.

याच भिंतीत आपल्या पोरांना चार खिळे ठोकायचेत. त्यावर फ्लेक्स ताणायचाय.

आता माझा जो मित्र त्याच विद्यापीठात एम.ए. करतो, आणि जो या अंकाचा वाचक आहे, त्याचं म्हणणं सांगतो. कारण या सगळ्यात विचार करून बोलणारा तो एकटा निघाला. तो म्हणाला, "तू ब्रशचं गाणं गातोयस ते गांधीच्या चरख्याचंच गाणं आहे. यंत्राला शिव्या देणं हे आपलं काम नव्हे. बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते. आणि हाताची कला, हाताची कला हे जे शहरातले लोक कौतुक करतात, ते जातीच्या धंद्याचंच कौतुक आहे. कुंभाराने मडकी करावी, चांभाराने चपला, आणि तू पाट्या. सोड की."

मी तीन दिवस गप्प होतो. त्याचं अर्धं खरं आहे, म्हणून जास्त लागलं.

मग मी ते पुस्तक मिळवलं. बाबासाहेबांचं १९४५ चं, 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं' ते. इंग्रजी माझं कच्चं, मिलमधल्या जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन बसलो, गांधीवादावरचं प्रकरण वाचायला पंधरा दिवस लागले. मित्रा, यंत्र हवंच असं ते म्हणतात. का हवं, तेही सांगतात. माणसाला जनावरासारखं राबण्यातून सुटका हवी, फुरसत हवी, फुरसत असेल तर माणूस विचार करील. पण त्यांचं बोलणं तिथं संपत नाही. यंत्राने जे वाईट होतं ते यंत्रामुळे नाही, समाजाची मांडणी चुकीची आहे म्हणून होतं. फायदा मूठभरांनी गिळला म्हणून होतं. तेव्हा मांडणी बदला, म्हणजे फायदा सगळ्यांना पोचेल. तू पहिलं अर्धं पाठ केलंस. फ्लेक्सवालासुद्धा तेवढंच पाठ करून बसलाय.

मी विचारतो, प्लॉटर आला तेव्हा फुरसत कुणाला मिळाली? माझ्या उस्तादला मिळाली. जुन्या जालन्यात त्यांचं दुकान होतं, दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. मी सोळा वर्षांचा असताना त्यांच्याकडे गेलो. जात विचारली नाही. "हात दाखव" म्हणाले. तीन वर्षं रॉकेलमध्ये ब्रश धुतले. पहिल्या वर्षी नुसत्या उभ्या रेघा. मग शिरोरेघ. खडू लावलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, पांढरी रेघ उठते. ती सरळ आली तर सगळं सरळ. खारीच्या केसांचा ब्रश कधी दाबायचा, कधी नुसता टेकवायचा, क चा गळा कुठे बारीक होतो. 'बाबासाहेब' लिहिताना काने एकापाठोपाठ येतात, ते सारख्या अंतराने टाकले तर नाव जेलच्या गजासारखं दिसतं, म्हणून डोळ्याने अंतर कमीजास्त करायचं, मोजपट्टीने नाही. हे उस्तादने शिकवलं. नमाज पढणारा माणूस, १४ एप्रिलच्या आधी चार रात्री जागून निळे बोर्ड रंगवायचा, पैसे अर्धे घ्यायचा. म्हणायचा, "बेटा, ये नाम लिखने में हाथ नहीं काँपना मंगता." आज ते एका जिनिंगच्या आवारात रात्रीचे वॉचमन आहेत. वय साठ. ही त्यांची फुरसत. पुस्तक वाचायची म्हणतोस?

आणि जातीचा धंदा? बारा बलुत्यांत पेंटर नाही रे. मोजून बघ. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, सगळे आहेत. पाट्या रंगवणारा नाही. हा धंदा जातीने कुणाला दिला नाही, म्हणूनच आप्पाला आणि उस्तादला आणि मला तो घेता आला. उघड्या रस्त्यावरचा धंदा. एक डबा, दोन ब्रश, एक शिडी. कुणाची परवानगी लागत नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणाई खात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा त्यांना चालत नसे. विणाईत पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मजूर एक, पण बरं काम कुणाचं हे जात ठरवणार. तर जिथं कसब आहे आणि कसबाला चार पैसे आहेत, तिथं पोचायला आपल्याला किती वर्षं लागली ते बघ, आणि मग मला 'सोड की' म्हण.

एक गोष्ट मी कबूल करतो, कारण ती कबूल केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुमच्या हातातला हा अंक चक्रमुद्रित आहे. स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची, शाई लावायची, रूळ फिरवायचा. हेही स्वस्तातलं, घरच्याघरी करायचं यंत्रच. प्रेसवाला आपलं छापत नव्हता, छापलं तर परवडत नव्हतं, म्हणून आपल्या आधीच्या पोरांनी हे यंत्र हाताशी धरलं. तेव्हा कुठल्या तरी कंपोझिटरचं पोटही बुडालं असेल. मग आपण केलं ते चांगलं आणि किराणावाल्याने केलं ते वाईट, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? म्हणत नाही. यंत्र स्वस्त आहे ही माझी तक्रार नाही. स्वस्त यंत्र हातात आल्यावर आपण काय लिहिलं, ही तक्रार आहे. सायक्लोस्टाइल हातात आलं तेव्हा आपण कविता छापल्या, व्यवस्थेच्या आईबापाचा उद्धार केला. फ्लेक्स हातात आला तेव्हा काय छापलं?

दात छापले.

गेल्या वर्षीचा आपल्या चौकातला फ्लेक्स आठवा. बत्तीस चेहरे. मी मोजलेत. बत्तीस जणांनी हात जोडलेले, बत्तीस जणांनी गॉगल किंवा दात दाखवलेले. मधे ज्याने पैसे दिले तो प्लॉटिंगवाला, ढेरीसकट. आणि बाबासाहेब? उजव्या कोपऱ्यात वर, पोस्टाच्या तिकिटाएवढे. बुद्ध त्याहून लहान. वाक्य एकही नाही. 'हार्दिक शुभेच्छा' आणि 'शुभेच्छुक'. शुभेच्छुक कोण, त्यांची यादी. ब्रशने बत्तीस चेहरे काढता येत नाहीत. काढायला गेलो तर पुढची जयंती येईल. त्यामुळे भिंतीवर नाव यायचं आणि एखादं वाक्य यायचं. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. भिंतीवर जागा कमी आणि रंग महाग, म्हणून काय लिहायचं यावर रात्रभर वाद व्हायचे. आप्पा सांगतो, एका घोषणेतल्या एका शब्दावरून मारामारी झाली होती. आता वाद कशावर होतो? माझा फोटो दुसऱ्या ओळीत का टाकला यावर.

आणि पंधरा तारखेला त्या फ्लेक्सचं काय होतं ते सांगू? उतरवतात आणि घेऊन जातात. घरावर टाकायला. आपल्याच वस्तीत बघा, शेळ्यांच्या गोठ्यावर उलटे बाबासाहेब आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावरून पाणी गळतं आणि शेळ्या खाली लेंड्या टाकतात. जो फोटोला हात लावला म्हणून गावाशी भांडायला उठेल, तोच हे रोज बघतो. मी गरिबाला दोष देत नाही. माझ्या आयच्या न्हाणीवरही फ्लेक्सच आहे, एका आमदाराचा, आणि आय म्हणते, "पाच वर्सात ह्यानं एवढंच काम केलं, आडोसा दिला." पण टाकताही येत नाही आणि जाळताही येत नाही, अशी ही चीज आहे. ते पीव्हीसी आहे. जाळलं तर क्लोरीनचा विखारी धूर निघतो, छाती धरते. केरळ सरकारने २०१९ मध्ये असल्या फ्लेक्सवर बंदी घातली. त्याच वर्षी चेन्नईत रस्त्यावरचा बेकायदा फ्लेक्स स्कूटरवरच्या एका तरुण मुलीवर पडला आणि ती टँकरखाली गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला अख्खं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, सतरा माणसं मेली. भिंतीवरचं अक्षर अजून कुणाच्या अंगावर पडलेलं मी ऐकलं नाही.

आमच्या मिलमधलंही एक ऐका. रोलांच्या बाजूला मी पत्र्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'येथे उभे राहू नये', खाली तेच हिंदीत. दोन वर्षं टिकलं. धुराने काळवंडलं, अक्षर पडलं नाही. मग तपासणी येणार म्हणून साहेबांनी सगळे बोर्ड नवे केले. छान चकाकते स्टिकर. हिंदी काढून टाकली, इंग्रजी घातली. भट्टीच्या धगीने स्टिकर आकसतो, कड सुटते, मग धूळ आत जाते. तिसऱ्या महिन्यात 'नये' गळून पडलं. बोर्ड म्हणत होता, 'येथे उभे राहू'. आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू. पंधरा दिवसांनी एक नवा पोरगा, बिहारचा, तिथंच उभा राहिला आणि सुटलेली सळई त्याच्या पोटरीला चाटून गेली. त्याला मराठी येत नव्हती, तेव्हा 'नये' असतं तरी त्याने वाचलं नसतं, हे मला माहीत आहे. हिंदी असती तर वाचलं असतं. मी साहेबांना म्हणालो, मी फुकट रंगवून देतो. साहेब म्हणाले, "पेंटचं प्रोफेशनल दिसत नाही."

आता मुद्द्याचं. मथळ्याचं.

डिसेंबर २०२० मध्ये सरकारने ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, समतानगर, भीमनगर अशी द्यायची. चांगलं झालं, उशिरा झालं. आपल्या वस्तीलाही नवी पाटी लागली. निळ्या पत्र्यावर पांढरं रेडियम. 'सिध्दार्थनगर'. शेजारी विहारावर फ्लेक्स, 'बुध्द विहार'. मोबाईलवर 'बुध्दं सरणं'. मिरवणुकीच्या गाडीवर रेडियम, 'जय भिम, नमो बुध्दाय'. सगळीकडे अर्धा ध आणि मग द. मोठ्याने वाचा एकदा. बुध्-द. जमतं का? जीभ अडते. बुद्ध शब्दात द आधी येतो, ध नंतर. पालीतही तसंच, उच्चारातही तसंच. अर्धा द, पूर्ण ध.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. शुद्धलेखन बामनांचं. ऱ्हस्व-दीर्घ हे आपल्याला हाणायला केलेलं हत्यार. मान्य. मी सातवीत 'पाणी'ला 'पानी' लिहिलं म्हणून छड्या खाल्ल्यात, वर्गात सगळ्यांच्या पुढे. आपण 'हाय' लिहू, 'नाय' लिहू, 'बामन' लिहू, आपल्या मायच्या तोंडची भाषा आहे ती, तिला कुणी अशुद्ध म्हणेल त्याची जीभ हासडू. पण 'बुध्द' ही कुणाच्या मायची बोली आहे? माझी आय निरक्षर आहे, ती 'बुद्ध' अगदी चोख म्हणते. चूक बोलीची नाही. चूक घाईची आहे. जुन्या फॉन्टात द्ध हे जोडाक्षर साध्या कळीवर नसतं, त्याला वेगळा आकडा दाबावा लागतो, तो आठवत नाही, म्हणून ऑपरेटर अर्धा ध दाबतो, मग द दाबतो, मिळतंजुळतं दिसतं, पुढचं गिऱ्हाईक उभंच असतं. म्हणजे ज्या नावासाठी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक उभे राहिले, ते नाव दोन कळांची तसदी वाचवायला मोडलं गेलं, आणि आपण पैसे मोजून ते मिरवलं. बुद्ध चुकीचा लिहायला आपल्याला मनुवादी लागला नाही.

पेंटर शहाणे आणि ऑपरेटर गाढव, असंही नाही. पेंटरांनीही 'बुध्द' लिहिलंय. मीही लिहिलंय. पहिल्याच वर्षी. उस्तादने रॉकेलचा बोळा हातात दिला, म्हणाले, "पोंछ." मी म्हणालो, सगळे असंच लिहितात. ते म्हणाले, "सब का हाथ मेरे पास नहीं सीखा." एक मुसलमान माणूस मला बुद्धाचं नाव नीट लिहायला शिकवत होता आणि मला त्याचा राग आला होता, तो राग आज आठवला की लाज वाटते. पुसलं, पुन्हा लिहिलं. पाटीवर चूक दिसली तर पुसून लिहिता येते. वीस बाय दहाचा फ्लेक्स चुकला तर कोण परत छापतं?

आणि यंत्र आडवं येत नाही, हे सांगायलाच पाहिजे. यंत्राला द्ध येतो. विंडोजमध्ये जो 'मंगल' फॉन्ट आहे तो र. कृ. जोशींनी केला, आपल्याच मुलखातल्या अक्षर जाणणाऱ्या माणसाने. 'मुक्त' नावाचा फॉन्ट मुंबईच्या लोकांनी फुकट देऊन टाकलाय, त्यात जोडाक्षरं नीट येतात. दिल्लीचे हनिफ कुरेशी, २०२४ मध्ये गेले, त्यांनी रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे फॉन्ट केले, पेंटरांच्या नावाने. रेडियम कापतानासुद्धा एक साधी गोष्ट आहे. देवनागरीत अक्षरं शिरोरेघेने एकमेकांवर चढलेली असतात. कापण्याआधी कॉम्प्युटरवर ती एकजीव करून घ्यावी लागतात, नाहीतर पातं प्रत्येक सांध्यावर रेघ कापतं आणि महिन्याभरात नावाचे तुकडे निघायला लागतात. एका बटणाचं काम. किती दुकानांत करतात? ज्या दुकानात आपली पोरं ऑपरेटर आहेत, नऊ-दहा हजारावर, तिथं तरी करतात का? मी त्या पोरांना जाऊन विचारलंय. एक जण म्हणाला, "दादा, मालक मिनिटं मोजतो." ही खरी गोष्ट आहे. म्हणजे माझा शत्रू तो ऑपरेटर नाही, त्याचा प्लॉटर नाही. तोही माझ्यासारखाच बारा तास उभा आहे. फक्त त्याच्याजवळ भट्टी नाही, एसी आहे, आणि तोही मशीनसाठी.

मित्रा, तुला मांडणी बदलायचीय ना? मग प्लॉटर आपल्या पाच पोरांचा असू दे, वर्गणीचा. जेवढे पैसे आपण जयंतीच्या डीजेला देतो, तेवढ्यात लहानसं मशीन येतं, मी चौकशी केलीय. त्यावर मी बसायला तयार आहे. उस्तादला बोलावू, अक्षरावर नजर ठेवायला, रात्रीची वॉचमनकी सोडवून. मग यंत्राच्या बाजूने आपण दोघं मिळून बोलू. पण तू ते म्हणत नाहीस. तू म्हणतोस, ऑर्डर देऊन टाक.

अध्यक्षाला एवढंच सांगायचंय. फ्लेक्स टाकायचा तर टाका, चौकात टाका, विजेच्या खांबाला बांधा, बत्तीसचे चौसष्ट चेहरे घाला. कमानीजवळच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ती भिंत विद्यापीठाच्या नावाची आहे आणि ते नाव वर्गणीतून आलेलं नाही.

१४ एप्रिलच्या आधीच्या रविवारी माझी सुट्टी आहे. पहाटे सहाला भिंत धुवायला घेणार, ऊन चढायच्या आत. रंग मी आणलाय, निळा आणि पांढरा, पैसे कुणाला मागत नाही. ठ तसाच ठेवणार. त्याच्या खाली जागा उरते तिथं वाक्य कोणतं लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, त्यावर भांडायला या. आप्पा येणार आहे, त्याला आता शिडीवर चढवत नाही, तो खुर्चीवर बसून चुका काढील. उस्तादला निरोप दिलाय. ज्यांना शिकायचंय त्यांनी जुने कपडे घालून यावं. दोरी धरायला दोन माणसं लागतात.